अनोळखी रेडिओ गीताचा शोध

अनोळखी रेडिओ गीताचा शोध : आकाशवाणीवरून घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवलेल्या, पण कवी, संगीतकार वा गायक ठाऊक नसलेल्या गाण्याची ओळख पटवण्याचा उद्योग. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. मध्यम लहरींवर ते १२५१ किलोहर्ट्झला लागते. सांगली-मिरजेकडच्या जुन्या घरांत ‘भावगीते, रेडिओ’ एवढेच लिहिलेल्या कॅसेटी निघतात, तिथून हा शोध सुरू होतो.

नाव हरवते ते बहुधा टेप करणाऱ्याच्याच बोटाने. निवेदक कवी, संगीतकार, गायक यांची नावे सांगतो. पण ‘बडबड नको, गाणं हवं’ म्हणून नेमके तिथेच पॉजचे बटण दाबले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी याच्या उलट होते. ग्रामोफोनच्या तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तिथल्या लोकांना गायक कळावा म्हणून गाणारी व्यक्ती शेवटी स्वतःच आपले नाव सांगे.

पहिले काम वेग तपासण्याचे. कॅसेटची पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. रेकॉर्डरचे सेल उतरले की ती सावकाश फिरे. असे मुद्रण आज नीट यंत्रावर लावले तर जलद वाजते. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की पेटीवरची एक पट्टी सरकते. मग भारदस्त आवाज कोवळा वाटतो आणि जाणता रसिकही छातीठोकपणे चुकीचे नाव सांगून मोकळा होतो. यंत्र विजेवर चालले असेल तर मात्र टेपमधली घरघर उपयोगी पडते: आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही घरघर त्याच्या आसपास किंवा त्याच्या पटीत यायला हवी. तिथवर वेग आणला की स्वर जागेवर येतो.

गाण्याभोवतीचे उरलेसुरलेही पाहावे लागते. पॉज सुटल्यावर कुणी राजापुरी हळदीचे भाव वाचत असेल, तर बाजार समितीच्या जुन्या नोंदींशी ते ताडून काळाचा अंदाज बांधता येतो. गाण्यापेक्षा अशी चार वाक्ये कधी कधी जास्त बोलतात.

नाट्यपद असेल तर काम निम्मे सोपे. छापील पदावलीत ध्रुवपद शोधले की नाटक सापडते. गायक कोण हा प्रश्न उरतोच, कारण एकच पद अनेकांनी गायलेले असते. खरी अडचण आकाशवाणीच्या स्टुडिओत मुद्रित झालेल्या भावगीतांची. त्यांतली पुष्कळशी तबकडीवर कधी आलीच नाहीत, म्हणून कंपन्यांच्या सूचीत ती नसतात. गाणे ओळखणारी मोबाइल ॲपही इथे हात टेकतात; संग्रहात नसलेले गाणे ती कुठून ओळखणार?

याचा परदेशातला नमुना जर्मनीतला आहे. १९८४ च्या सुमारास रेडिओवरून टेप केलेले एक गाणे २००७ मध्ये इंटरनेटवर आले. ते कील शहरातल्या ‘फेक्स’ या बँडचे आहे हे कळायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. तेही कोणत्या कंपनीने बाजारात आणलेले नव्हते.

केंद्रांवरची स्पूल टेप, म्हणजे मोठ्या रिळावरची पट्टी, महाग असे. जुने मुद्रण पुसून तीच पुन्हा वापरण्याचा रिवाज होता. त्यामुळे घरातली कॅसेट एखाद्या गाण्याची एकमेव प्रत असू शकते. तिच्यातला, पट्टी यंत्राच्या हेडवर दाबून धरणारा फोमचा तुकडा निखळला असेल तर पट्टी दुसऱ्या डबीत घालून, एकदाच वाजवून संगणकावर उतरवून घेतात.