परळच्या प्लेग प्रयोगशाळेपासून एमबीबीएसच्या दोन महिन्यांपर्यंत

एमबीबीएसची मुलं मायक्रोबायोलॉजी विभागाच्या दाराशी गाइड शोधत घुटमळू लागली की समजावं, आयसीएमआरच्या, म्हणजे इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या, एसटीएसचे (शॉर्ट टर्म स्टुडंटशिपचे) अर्ज निघालेत. १९७९ साली सुरू झालेल्या या योजनेत पदवीचा विद्यार्थी दोन महिने स्वतःचा छोटा संशोधन प्रकल्प करतो. विषय वैद्यकातला कुठलाही चालतो. पण योजना चालवणाऱ्या संस्थेची नाळ साथीच्या रोगांशी जोडलेली आहे, आणि तीही मुंबईत.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला आणि ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून इथे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळालं काय, तर एक खोली आणि व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. त्यांनी मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवले आणि वर तुपाचे थेंब सोडले. थेंबांना धरून जंतूंची वाढ धाग्यांसारखी खाली लोंबायची. भांडं हलवलं की ती तळाशी बसायची आणि तुपाखाली नवी धरायची. मग ऊब देऊन जंतू मारले की लस तयार. १० जानेवारी १८९७ ला ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. मुंबईच्या याच प्लेग प्रयोगशाळेत १५ नोव्हेंबर १९११ रोजी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या नियामक मंडळाची पहिली बैठक भरली. १९४९ मध्ये हीच संस्था आयसीएमआर झाली.

त्या बैठकीपासून एसटीएसपर्यंत ६८ वर्षं गेली. हा उशीर मला खटकतो. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात १८३५ मध्ये शवविच्छेदन करताना स्नायूंतले पांढरे ठिपके जेम्स पॅजेटने नीट पाहिले आणि ट्रायकिनेलाचा कृमी उजेडात आला. पॅजेट तेव्हा वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला होता. कोवळी नजर कामाची असते, तिला फक्त वाव हवा.

आजची रीत अशी: प्राध्यापकांपैकी एक गाइड, प्रस्ताव, एथिक्स कमिटीची मंजुरी, मग काम. अहवाल मंजूर झाला की प्रमाणपत्र आणि पैसे. हे सगळं लेक्चर आणि वॉर्ड सांभाळून.

दोन महिन्यांची मुदत विषयही ठरवते. क्षयाचे जंतू वाढवायच्या एलजे माध्यमावर ‘वाढ नाही’ असं सांगायला आठ आठवडे थांबावं लागतं. म्हणजे मुदत तिथेच संपली. म्हणून अनेक जण अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जंतूंकडे वळतात. संध्याकाळी प्लेटवर जंतू पसरायचे, औषधाच्या चकत्या ठेवायच्या. सकाळी चकतीभोवती पुरेसं मोठं स्वच्छ वर्तुळ दिसलं तर औषध लागू आहे. विद्यार्थी पट्टी लावून ते मिलिमीटरमध्ये मोजतो आणि वहीत आकडा लिहितो. कधी वर्तुळ उमटतच नाही, जंतू थेट चकतीला भिडलेले असतात. तो आकडा वॉर्डात पडलेल्या एका माणसाचा असतो, आणि बहुतेकदा त्या माणसाला त्याने पाहिलेलं असतं.