तपकिरी तुडतुडे

भातपिकातील रस शोषणारी, वाऱ्यावर शेकडो किलोमीटर प्रवास करणारी आशियातील प्रमुख कीड. शास्त्रीय नाव निलपर्वता ल्युजेन्स. पूर्व विदर्भातील धान उत्पादक ‘मावा-तुडतुडा’ असे जोडनाव घेतात. मावा ही खरे तर निराळी कीड, पण बोलण्यात ही जोडी सुटत नाही.

प्रौढ तुडतुडा जेमतेम 4 मिलिमीटरचा असतो. त्याची वस्ती चुडाच्या (एका जागी लावलेल्या भातरोपांच्या जुडग्याच्या) बुंध्याशी, पाण्याच्या किंचित वर. त्यामुळे बांधावरून पाहणाऱ्याला पीक हिरवेगार दिसते. खाचरात उतरून चूड वाकवून थापटले, की पाण्यावर तपकिरी ठिपक्यांचा सडा पडतो आणि ते ठिपके तिरके चालू लागतात. प्रादुर्भाव वाढला की शेतात मधेच गोलाकार चट्टे पिवळे पडून करपतात. हे चट्टे पसरत जाऊन एकमेकांना मिळतात. लोंब्या भरण्याच्या वेळी असे झाले, तर हाती पळिंजच, म्हणजे न भरलेले पोकळ दाणेच येतात.

या किडीला दोन प्रकारचे पंख असतात. चारा मुबलक असताना आखूड पंखांच्या माद्या निपजतात. त्या जागीच राहून पानांच्या आवरणात अंडी घालतात. गर्दी झाली, पीक पिकू लागले, की लांब पंखांची पिढी तयार होते आणि उडून जाते. जपान, कोरिया व चीनच्या बहुतेक भागांत हिवाळ्यात ही कीड तगत नाही. दरवर्षी मोसमी वाऱ्यांबरोबर ती दक्षिणेकडून नव्याने येते. 1967 मध्ये जपानच्या दक्षिणेस भर समुद्रात असलेल्या एका हवामान-जहाजावर तुडतुड्यांचे थवे उतरले, तेव्हा या प्रवासाचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. जपानची या किडीशी ओळख मात्र जुनी. 1732 च्या क्योहो दुष्काळात पश्चिम जपानमधील भात तुडतुड्यांनीच फस्त केले होते. तेथील शेतकरी खाचरातल्या पाण्यावर देवमाशाचे तेल सोडत आणि रोपे झोडपून तुडतुडे त्या तवंगात पाडत.

1970 पूर्वी उष्ण कटिबंधात ही कीड दुय्यमच मानली जाई. अधिक उत्पादन देणाऱ्या जाती, नत्राची भरपूर मात्रा आणि ठरावीक दिवसांनी फवारणी हा संच आला आणि चित्र पालटले. केरळच्या कुट्टनाडमध्ये 1973-74 साली मोठा उद्रेक झाला. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची प्रतिकारक जात आयआर 26 ही 1973 मध्ये आली. काही हंगामांतच तिला दाद न देणारे तुडतुडे तयार झाले. खरा घोटाळा फवारणीचा होता. औषधाने कोळी आणि तुडतुड्यांची अंडी खाणारे मिरीड ढेकूण मरत. आवरणातली अंडी मात्र सुरक्षित राहत. ती उबली, की पिलांना खाणारे कोणी उरत नसे. थोडक्यात, ही बरीचशी फवाऱ्याने वाढवलेली कीड आहे.

इंडोनेशियाने हे सरकारी पातळीवर मान्य केले. 1984 मध्ये तांदळात स्वयंपूर्ण झालेल्या या देशात लगेच पुन्हा उद्रेक झाला. नोव्हेंबर 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातावर 57 कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली. पुढे अनुदानही काढून घेतले. 1989 पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा भरू लागल्या. खाचरात बसून मित्रकीटक आणि शत्रुकीटक मोजायचे आणि मगच निर्णय घ्यायचा, हा त्यांचा अभ्यासक्रम. आज महाराष्ट्रात ज्या शेतीशाळा भरतात, त्यांचे मूळ इथे आहे.

एकात्मिक व्यवस्थापनात लागवड दाट करत नाहीत. ठरावीक ओळींनंतर मोकळा पट्टा सोडतात, म्हणजे बुंध्याशी हवा खेळते. युरिया विभागून देतात. तुडतुडे दिसू लागले की तीन-चार दिवस पाणी काढून टाकतात. परिसरातील लावण्या एकाच सुमारास उरकल्या, तर किडीला वर्षभर हिरवे पीक मिळत नाही. प्रकाश सापळ्यात थवा कधी उतरला ते कळते. दर चुडात साधारण 10 तुडतुडे आढळल्यावरच औषधाचा विचार करायचा, तोही नोझल बुंध्याकडे धरून. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके टाळायची, कारण त्यांनी उद्रेक उलट बळावतो. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक काही वर्षे हुकमी ठरले. 2005 च्या सुमारास आशियातील अनेक भागांत तुडतुडे त्यालाही जुमानेनासे झाले.