रथ चौक ते टॉवर चौक : जळगावचा मध्य कसा सरकला

दिवाळीच्या आठवड्यात सुभाष चौकातून मोटारसायकल काढणं किती अवघड जातं, हे जळगावकराला सांगावं लागत नाही. दोष दरवेळी लोटगाड्यांवर, नाहीतर वाहतूक पोलिसांवर येतो. पण या चौकाची घडण दीडशे वर्षांपूर्वीची आहे. ती ध्यानात घेतल्याशिवाय इथली कोंडी कळणार नाही.

1819 पासून खान्देशचा कारभार धुळ्याहून चालायचा आणि जळगाव तेव्हा मोठं ठाणं नव्हतं. कोळी पेठ, भोईटे गढी, चौधरी वाडा हा जुन्या जळगावचा भाग, आणि रथ चौक त्याचाच. बहिणाबाई चौधरी आसोद्याहून लग्न होऊन आल्या, त्या याच चौधरी वाड्यात. गल्ल्या अरुंद, वळणं आखूड. पायी माणूस आणि एखादी बैलगाडी यांना ते पुरत होतं.

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईहून येणारा लोहमार्ग त्याच दशकात जळगावातून पुढे भुसावळकडे गेला. 1864 मध्ये नगरपालिका झाली. युद्ध संपताच भाव कोसळले आणि अनेक व्यापारी बुडाले. तरी जिनिंग (कापसातली सरकी काढणं), प्रेसिंग (रुईच्या गाठी बांधणं) आणि आडत, म्हणजे दलालीचा व्यापार, जळगावातच टिकली. पुढच्याच दशकात मुळजी जेठा यांच्या पेढीने स्टेशनजवळ कापड गिरणी उभारली, तीच खान्देश मिल. गिरणी कधीच बंद पडली. आता त्या जागेवर खान्देश सेंट्रल आहे.

गावठाण एकीकडे आणि स्टेशन दुसरीकडे, म्हणून व्यापार या दोहोंच्या मध्ये वसला. पोलन पेठेला इंग्रज कलेक्टराचं नाव मिळालं. पुढे नवी पेठ, बळीराम पेठ झाल्या. गावठाणाच्या मानाने इथले रस्ते सरळ आणि रुंद आहेत. बैल जुंपलेली, कापसाने उंच भरलेली गाडी जागच्या जागी वळत नाही. तिला फेर घ्यायला मोकळी जागा हवी, आणि तशी जागा रस्ते मिळतात तिथेच असते. सुभाष चौकाला त्यामुळे महत्त्व आलं. धान्याची घाऊक पेठ शेजारीच दाणा बाजारात आणि सराफ बाजार चौकालगत. माल विकून हातात पैसा आलेला शेतकरी दोन पावलांवर सोनं घेऊ शकत होता. जळगावच्या सोन्याचं नाव राज्यभर झालं, त्यात या शेजाराचा वाटा मोठा आहे असं आम्हाला वाटतं.

1906 मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि जळगाव पूर्व खान्देशचं मुख्य ठिकाण बनलं. तालुक्या-तालुक्यांतून लोक कोर्ट-कचेरीला येऊ लागले. त्यांचा ओघ स्टेशनकडून यायचा, त्यामुळे टॉवर चौकाचं वजन वाढलं. शास्त्री टॉवर, फुले मार्केट, पलीकडे गोलाणी मार्केट आणि नेहरू चौकातली महापालिकेची सतरा मजली इमारत अशी एकेक भर पडत गेली. गावाचा मध्य शे-दीडशे वर्षांत रथ चौकातून सुभाष चौकात आणि तिथून टॉवर चौकात आला. आधीच्या चौकातली वर्दळ मात्र उठली नाही.

यातले पहिले दोन टप्पे वर्षातून एकदा एका दोरीला बांधले जातात, ते श्रीराम रथोत्सवात. जळगावचे संत अप्पा महाराज यांनी 1872 मध्ये हा उत्सव सुरू केला. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून रोज वहन, म्हणजे वाहनावर बसवलेल्या देवाची मिरवणूक, निघतं, घरोघरी पानसुपारी होते आणि एकादशीला रथ निघतो. जुन्या गावातून सुभाष चौक, दाणा बाजार, शिवाजी रोड, घाणेकर चौक असा फिरून तो परत गावठाणात येतो. भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबून चादर चढवली जाते. शहराने ही रीत निष्ठेने सांभाळली आहे.

रस्त्याचा खरा कस रथाच्या मार्गावरच लागतो. रथाला स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. दोर ओढणारे फक्त पुढे नेतात. थांबवणं आणि वळवणं मोगरीवाल्यांच्या हातात. मोगरी म्हणजे चाकाखाली सारायची लाकडी पाचर. एका बाजूचं चाक अडलं की दुसरी बाजू पुढे सरकते आणि रथाचं तोंड फिरतं. मोगरी क्षणभर उशिरा पडली तर रथ दुकानाच्या ओट्याकडे जातो. पुढे गर्दीत दोर ओढणाऱ्यांना चाक दिसत नाही, म्हणून ओढ ऐनवेळी थांबेल याचा भरवसा धरता येत नाही. उंच गतिरोधक, खोदून नीट न बुजवलेली चारी आणि खाली लोंबणाऱ्या तारा ही तीन विघ्नं एकादशीच्या आधीच दूर करावी लागतात. चारीत नुसती माती लोटली असेल तर वजनाने चाक रुततं, आणि रुतलेल्या चाकावर मोगरी चालत नाही.

उरलेल्या दिवसांचं गणित साधं आहे. दोन वाहनं आरामात शेजारून जायला सात मीटर रस्ता लागतो. समजा नऊ मीटरचा रस्ता आहे. एका कडेला लोटगाडी आणि तिच्यापुढे उभं गिऱ्हाईक यात दोन मीटर गेले, समोरच्या कडेला आडव्या लावलेल्या मोटारसायकलींत आणखी दोन. उरले पाच. त्यात एक मालवाहू रिक्षा उतरवायला थांबली की मागची रांग चौकात येते, आणि चौक अडला की त्याला मिळणारे सगळे रस्ते अडतात. लोटगाड्या हाकलल्या तरी मोटारसायकली त्या जागी येतात, कारण जुन्या पेठांतल्या दुकानांना स्वतःची पार्किंगची जागाच नाही. 2019 मध्ये रुळांपलीकडच्या शिवाजीनगरला शहराशी जोडणारा ब्रिटिशकालीन रेल्वेपूल पाडल्यावर, टॉवर चौकाचा भार एका पुलावर किती अवलंबून आहे हेही शहराने पाहिलं.

2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत त्यांना सामावून घ्यायचं आणि विक्रीची क्षेत्रं नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्याने ठरवायची. ती क्षेत्रं आखताना घाऊक मालाची गाडी किती वाजता उतरेल आणि रथाचा मार्ग कोणता, या दोन गोष्टी नकाशावर आधी यायला हव्यात. पर्यायी जागा मुख्य वाटेपासून लांब दिली तर गिऱ्हाईक तिकडे फिरकत नाही आणि विक्रेता आठ दिवसांत चौकात परत येतो.