निंबोळी अर्क अळीला मारतो तरी कसा?

निंबोळी अर्क फवारला, दुसऱ्या दिवशी पाहिलं तर अळ्या पानावर तशाच! मग अर्क बिनकामाचा ठरतो आणि अनेकजण थेट जहाल औषधाकडे वळतात. फार घाईचा निर्णय आहे हा. निंबोळीतलं ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य अळीला जागच्या जागी मारतच नाही. वाढताना अळीला अनेकदा कात टाकावी लागते आणि त्यासाठी शरीरात ठरावीक वेळी एक संप्रेरक तयार व्हावं लागतं. ॲझाडिरॅक्टिन नेमकं त्यातच खोडा घालतं. अळी अर्धवट कातीत अडकते आणि मरते. तिची भूक मात्र त्याआधीच मंदावते. म्हणून अळ्या मोजू नका, नव्या पानांना भोकं पडतात का ते पाहा.

१९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली, तेव्हा आजूबाजूची हिरवळ फस्त झाली तरी कडुलिंब शाबूत राहिल्याचं जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटेरर यांनी पाहिलं. १९६८मध्ये हे द्रव्य वेगळं काढता आलं. रेणू इतका गुंतागुंतीचा, की प्रयोगशाळेत तो घडवायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला २२ वर्षं लागली, २००७ उजाडलं. आपल्याकडे तो दर पावसाळ्याच्या तोंडावर झाडाखाली पडलेला असतो.

वाळलेल्या निंबोळ्यांचा ५० ग्रॅम भरडा रात्रभर पाण्यात भिजवा, फडक्यातून गाळा, एकूण लिटरभर करा आणि चिमूटभर साबणचुरा घाला. उन्हात हे द्रव्य लवकर विरतं, म्हणून ऊन कलल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने फवारा.

पण फवारण्याआधी वालाचा मावा (रस शोषणारी बारीक कीड) लागलेला शेंडा जवळून बघा. करडी-काळी, नारिंगी ठिपक्यांची काटेरी अळी दिसली तर चिरडू नका. ती ढालकिड्याची, मावाच खाते. एखादा मावा फुगून तपकिरी, कागदासारखा झालेला दिसेल. त्याच्या पोटात मुंगीहून लहान परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढते. पाठीवर गोल भोक असेल, तर माशी बाहेर पडून पुढच्या माव्याकडे गेलीसुद्धा! अशा वेळी फवारणी थांबवा, फक्त मुंग्यांचा बंदोबस्त करा. माव्यातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि या मित्रकीटकांना हुसकावतात.

वांग्याच्या शेंड्याने मान टाकली असेल, तर मात्र अर्कावर विसंबू नका. अळी खोडाच्या आत असते, फवारा तिथे पोचत नाही. तो शेंडा निरोगी भागापर्यंत खुडा आणि लगेच जाळून टाका.