बॉयलरची वही आणि कैगाचा कूलर

शिक्षण संपल्यावर दोन गळीत हंगाम मी आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात बॉयलर हाऊसला होतो. दर तासाला वहीत आकडे भरायचे: वाफेचा दाब, वाफेचं तापमान, गेज ग्लासात पाणी कुठवर आहे. नवा होतो तेव्हा मी खरोखरच दर तासाला उठून जायचो. पाळीतले जुने फायरमन मामा हसायचे. "अवो, एवढं कशाला पळापळी करालाय? सकाळी एकदमच भरा की." सगळे तेच करायचे. आठ तासांचे आकडे एकाच शाईत, एकाच हातचे, आणि पाण्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'निम्मं, निम्मं, निम्मं'.

जानेवारीतल्या एका रात्री तीनच्या सुमाराला बॉयलरला पाणी देणारा फीड पंप ट्रिप झाला. काचेतलं पाणी उतरत उतरत दिसेनासंच झालं. मामांनी आधी बगॅसचे, म्हणजे जळणाच्या चिपाडाचे, फीडर बंद केले, मग राखीव पंप चालू केला. काचेत पाणी परत दिसेपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढला नाही. आणखी थोडा उशीर झाला असता तर नळ्या कोरड्या पडून तापल्या असत्या, फुटल्या असत्या. सकाळी वही भरली. तीनच्या रकान्यात 'निम्मं'. ते मीच लिहिलं.

आता मी शाळेत विज्ञान शिकवतो. परवा शेजारच्या काकांनी दारातूनच विचारलं, "काय वो सर, कैगात लीक झालंय म्हणालेत, खरं काय ते?" मोबाईल हातात घेऊन बघितलं तर कैगा अणुवीज केंद्राची ती बातमी २००९ ची, वरची तारीख कापून पुढं ढकललेली. खोटी नव्हती, शिळी होती. पण ती बातमी एवढी चांगली आहे, शिकण्यासारखी म्हणून, की काकांना बसवून सगळी सांगितली.

कैगा आपल्यापासून फार लांब नाही. बेळगावहून सरळ दक्षिणेला नकाशावर पट्टी ठेवली तर शंभरेक किलोमीटर, खानापुराहून त्याहूनही कमी. जोयड्याच्या डोंगरात उगम पावणारी काळी नदी सुपा धरणातून उतरत कद्रा जलाशयात येते, आणि त्या जलाशयाच्या पाण्यावर कैगाची यंत्रं थंड होतात. प्रत्येकी २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या आहेत. गंमत म्हणजे दुसरी भट्टी पहिलीच्या आधी सुरू झाली. दुसरीतून व्यापारी वीजनिर्मिती मार्च २००० मध्ये, पहिलीतून त्याच वर्षी नोव्हेंबरात. त्याचं कारण १९९४ च्या मे महिन्यात आहे. पहिल्या भट्टीचा आतला घुमट बांधून होत आला असताना त्याच्या पोटाचं काँक्रीट सुटून खाली आलं, शंभर टनांहून जास्त. भट्टीत इंधन नव्हतं, त्यामुळे किरणोत्साराचा प्रश्नच नव्हता. पण अपघात झाल्यावर आतलं सगळं धरून ठेवायचं ते हेच झाकण, म्हणून आराखडा नव्याने तपासून घुमट पुन्हा बांधावा लागला.

आता २००९ चा कूलर. कैगाच्या भट्ट्यांत साधं पाणी नसतं, जड पाणी असतं. त्यातला हायड्रोजन म्हणजे ड्युटेरियम, नेहमीच्या हायड्रोजनच्या दुप्पट वजनाचा. भट्टी चालू असताना ड्युटेरियमच्या काही अणूंना एकेक न्यूट्रॉन चिकटतो आणि ट्रिशियम तयार होतो. हा किरणोत्सारी असतो, साधारण सव्वाबारा वर्षांत निम्मा होतो. त्याचे बीटा किरण इतके दुबळे की कातडीसुद्धा भेदून जात नाहीत. बाहेर असेल तर तो जवळपास निरुपद्रवी. प्यायलात किंवा श्वासातून घेतलात तर मात्र पाणी शरीरात जिथे जिथे जातं तिथे तिथे तो जातो.

इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. बेळगावच्या कुठल्याही एक्स-रे सेंटरमध्ये तंत्रज्ञाच्या खिशाला एक छोटा बिल्ला लावलेला दिसेल. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. ठरावीक मुदतीने तो तपासायला जातो आणि त्या काळात अंगावर किती किरणं पडली ते कळतं. कैगातल्या कामगारालाही असा बॅज असतो. पण पोटातल्या ट्रिशियमपुढे तो बॅज आंधळा. ज्या किरणांना कातडीच ओलांडता येत नाही ते पोटातून निघून खिशापर्यंत काय पोचणार? म्हणून जड पाण्याच्या भट्टीत काम करणाऱ्यांच्या लघवीचे नमुने नेमाने तपासतात. ऐकायला किळसवाणं, पण खरा पहारेकरी तोच.

त्या नोव्हेंबरात नमुन्यांचे आकडे अचानक चढले. एक-दोघांचे नव्हे, पन्नासेक जणांचे. भट्टीत कुठे गळती असती तर हवेतही ट्रिशियम सापडला असता, तो सापडला नाही. मग ही माणसं कुठे काम करतात, कुठे बसतात, काय खातात-पितात याचा माग काढत काढत चौकशी एका पिण्याच्या पाण्याच्या कूलरपाशी येऊन थांबली. त्यात ट्रिशियम असलेलं जड पाणी कुणीतरी मिसळलं होतं. तेव्हाचे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी हे मुद्दाम केलेलं कृत्य असल्याचं सांगितलं. उपाय अगदी घरगुती वाटावा असा: भरपूर पाणी आणि पातळ पदार्थ प्यायला देणं, गरज लागली तर लघवी जास्त होण्याचं औषध. एरवी शरीर साधारण दहा दिवसांत निम्मा ट्रिशियम बाहेर टाकतं, असं केलं की त्याहून लवकर. बहुतेकांचा डोस मर्यादेच्या आतच राहिला.

मर्यादा म्हणजे किती? अंगाला लागलेला किरणोत्सार मोजायचं एकक मिलिसिव्हर्ट. जगात सरासरी माणसाला माती, हवा, आकाश आणि अन्नातून वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किरणोत्सारात काम करणाऱ्याला पाच वर्षांची सरासरी २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाता कामा नये. प्रकल्पाबाहेरच्या जनतेसाठी १.

हे नियम करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झालं. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या यंत्रांवरही देखरेख त्याचीच, त्यामुळे कैगा न बघितलेल्या माणसाचाही त्याच्याशी कधी ना कधी संबंध येतो. अणुवीज केंद्रात काही बिघडलं की मंडळाला आधी लगोलग कळवायचं आणि मग कारणासकट सविस्तर अहवाल द्यायचा. 'काही बिघडलं' यात काय काय येतं हे ऐकून काका चकित झाले. चाचणीत डिझेल जनरेटर वेळेत सुरू झाला नाही, एखादी झडप नीट बसली नाही, ग्रिडमध्ये गडबड होऊन भट्टी आपोआप बंद पडली. कुणाच्या अंगाला काही झालेलं नसतं, तरी नोंद होते.

या घटनांना ० ते ७ अशी पातळी देतात. मापनपट्टी आंतरराष्ट्रीय आहे, १९९० पासूनची. दर पायरीला गांभीर्य साधारण दहापट वाढतं. १ ते ३ ला घटना म्हणतात, ४ पासून पुढे अपघात. चेर्नोबिल आणि फुकुशिमा ७. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याला ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची पाती तुटली, जनरेटरमधला हायड्रोजन पेटला, केबली जळाल्या आणि सगळं केंद्र अंधारात गेलं. कर्मचारी टॉर्च घेऊन जिने चढले आणि भट्टी पुन्हा पेटू नये म्हणून हाताने झडपा उघडून बोरॉनचं द्रावण आत सोडलं. आगीच्या बंबाचे डिझेल पंप लावून भट्टीची उष्णता काढून नेली. किरणोत्सार बाहेर गेला नाही. ती ३. भारतातल्या केंद्रांच्या बहुतेक नोंदी मात्र ० च्या असतात.

"मग शून्य म्हणजे काय झालंच नाही की हो," काका म्हणाले. इथेच मला त्यांच्याशी भांडावंसं वाटलं.

२४ सप्टेंबर १९७७. अमेरिकेत ओहायोच्या डेव्हिस-बेसी अणुकेंद्रात दाब सोडणारी एक झडप उघडली ती उघडीच राहिली. पॅनेलवरचे आकडे पाणी भरपूर असल्याचं दाखवत होते, म्हणून चालकांनी आत येणारं आपत्कालीन पाणी थांबवलं. भट्टी तेव्हा पूर्ण ताकदीच्या ९ टक्क्यांवर चालत होती आणि वीसेक मिनिटांत झडपेचा घोळ कुणाच्या तरी लक्षात आला. काही झालं नाही. ज्यांनी ती भट्टी बांधली त्या कंपनीतल्याच काही अभियंत्यांनी इशारा दिला, की बाकीच्या केंद्रांना हे कळवा. ते कळवणं कुणाच्या तरी टेबलावर अडकून राहिलं. दीड वर्षाने, २८ मार्च १९७९ ला, थ्री माइल आयलंडला तशीच झडप तशीच उघडी राहिली आणि चालकांनी तसंच पाणी कमी केलं. भट्टी पूर्ण ताकदीजवळ होती. गाभा अर्धाअधिक वितळला. मापनपट्टीवर ५.

म्हणून एखाद्या केंद्राच्या नोंदी एका वर्षी वाढल्या की मी लगेच घाबरत नाही. शून्याच्या पंधरा नोंदी देणाऱ्या केंद्रापेक्षा एकही न देणाऱ्या केंद्राची मला जास्त धास्ती वाटते. अर्थात नोंद झाली म्हणून ती कुणी काटेकोरपणे वाचेलच असं नाही. २०१२ साली कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, आपल्या अहवालात नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. ज्या अणुऊर्जा विभागाच्या केंद्रांवर नियामक मंडळाने लक्ष ठेवायचं, त्याच व्यवस्थेच्या छायेत ते मंडळ होतं. राखणदाराचा पगार ज्याच्या हातात, त्याच्याच शेताची राखण.

काका उठता उठता म्हणाले, "तुमच्या कारखान्यात पण असली वही असते काय?"

असते म्हटलं. तपासनीस आला की पहिल्यांदा तीच मागतात. त्या जानेवारीची वही अजून तिथल्या एखाद्या लोखंडी कपाटात पडलेली असेल. रात्री तीन वाजता, काचेतलं पाणी: निम्मं.