आवाजाच्या ट्रॅकमध्ये पेटी कुठून आली? (फाईल पाठवायच्या आधी वाचाच)

नमस्कार मंडळी. मिक्सिंगसाठी घरची रेकॉर्डिंगं पाठवता त्यात सध्या एकच भानगड सारखी दिसतेय, फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून हे लिहून काढलं. तुम्ही पेटी एका ट्रॅकवर घेता, तबला दुसऱ्यावर, मग हेडफोन लावून गाण्याचा आवाज तिसऱ्यावर, आणि आमच्याकडे आवाजाचा ट्रॅक सोलो केला, म्हणजे बाकीचे बंद करून तो एकटाच ऐकला, की मागे पेटीही वाजतेय आणि तबलाही. यालाच ब्लीड म्हणतात. फोन केला की ठरलेलं उत्तर, "माइक जरा जास्तच सेन्सिटिव्ह आहे हो, दुसरा घेऊ का?"

नका घेऊ. आम्ही माइक विकतो तरी सांगतोय.

आधी दोन मिनिटांची टेस्ट करा. माइकची वायर इंटरफेसमधून (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) काढा, बाकी कशाला हात लावू नका, जुने ट्रॅक चालू ठेवून नव्या ट्रॅकवर वीसेक सेकंद रेकॉर्ड करा. सरळ रेघ आली तर कॉम्प्युटर निर्दोष, पेटी-तबला हेडफोनमधून हवेतून माइकमध्ये शिरतोय. पण माइकच नसताना पेटी उमटली तर ती आतल्या आत फिरून येतेय, मग खोलीला गाद्या लावा नाहीतर लाखाचा माइक आणा, फरक शून्य. (यूएसबी माइक किंवा लॅपटॉपचा साधा जॅक असेल तर माइक न काढता हेडफोन गोधडीत गच्च गुंडाळा आणि तसंच करून बघा. घरचे हसतील, हसू देत.)

आतून येत असेल तर बहुतेक वेळा गुन्हेगार म्हणजे विंडोजमधलं 'स्टीरिओ मिक्स'. कधीतरी कुणीतरी कराओकेसाठी इंटरनेटवरचं गाणं उतरवायला ते चालू केलेलं असतं आणि मग ते तसंच राहतं. स्टीरिओ मिक्स म्हणजे कॉम्प्युटर जे वाजवतोय तेच परत रेकॉर्डिंगला देणं, त्यामुळे जुना ट्रॅक नव्यात येणारच. साउंड सेटिंगमधल्या रेकॉर्डिंग टॅबमध्ये जाऊन ते डिसेबल करा आणि सॉफ्टवेअरमध्ये इनपुट म्हणून तुमचा इंटरफेस नाव बघून निवडा. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये डिव्हाइसच्या नावापुढे 'लूपबॅक' लिहिलेलं असेल तर तेही वाजतंय तेच परत रेकॉर्ड करणारं, आपल्या कामाचं नाही. काही इंटरफेसलाही लूपबॅक असतं, लाइव्ह स्ट्रीमिंगवाल्यांसाठी, तेही बंद करा. आणि छोटा यूएसबी मिक्सर वापरत असाल तर कॉम्प्युटरचा आवाज मेन मिक्सला (सगळ्याचा मिळून होणारा एकत्र आवाज) पाठवणारं बटण दाबलेलं नाही ना बघा, कारण असे बरेच मिक्सर अख्खा मेन मिक्सच कॉम्प्युटरला परत देतात.

हवेतून येत असेल तर हेडफोन बंद पाठीचे घ्या, जाळीवाले नकोत, आणि व्हॉल्यूम उतरवा. आपल्या गायकांची खास सवय म्हणजे सूर नीट कळावा म्हणून एक कान उघडा ठेवणं. ठेवा की, पण तो सुटा कप गालावर लोंबकळत माइकच्या तोंडाशी गात असतो त्याचं काय? तो कानामागे डोक्याला दाबून बसवा, किंवा सगळा आवाज एकाच कानात वळवा. मोबाइलवरचा तानपुराही खोलीत स्पीकरवर लावू नका, हेडफोनमध्येच घ्या. मिरजेसारख्या तानपुऱ्याच्या गावात बसून तानपुरा बंद करा म्हणायला जिवावर येतं, पण काय करणार.

आता खरी चूक, जिच्यात तुमचा आख्खा रविवार जातो. सगळे ट्रॅक एकत्र ऐकताना ब्लीड कळतच नाही, पेटी तर वाजायलाच हवी असते, उलट जरा भरदारच वाटते. म्हणून तुम्ही सगळी कडवी गाऊन मोकळे होता आणि सोलोचं बटण पहिल्यांदा आम्ही दाबतो. धृपद झालं की थांबा, आवाजाचा ट्रॅक सोलो करून ऐका, स्वच्छ असेल तरच पुढे गा. अर्धं मिनिट लागतं.

"सॉफ्टवेअरने काढता येतं ना आता?" येतं, थोडंफार. पण पेटी आणि गळा एकाच पट्टीत फिरतात, पेटी काढताना आवाजाची शेपटी जाते, लांबवलेला 'आ'कार पत्र्यासारखा वाजतो. आणि ठेवायची म्हटलं तर ट्रॅकमधली ती दुसरी पेटी काही मिलिसेकंद मागेपुढे असते, दोन्ही मिळून पोकळ वाटतात, शिवाय सूर दुरुस्त करायला गेलं की आवाजाबरोबर तीही सरकते. म्हणून आम्ही अशा फाईल्स परत पाठवतो, त्यात आखडूपणा नाही. तरी साफ करूनच हवं असेल तर तासाला ५०० रुपये वेगळे, आणि निकालाची हमी नाही हे आधीच सांगतो.

भजनी मंडळ एकत्र बसून रेकॉर्ड करत असेल तर मात्र हे सगळं विसरा, तिथे आवाज एकमेकांत मिसळणारच आणि ते छानच लागतं. फक्त माइक वाद्यापासून जितका लांब त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवा, म्हणजे पेटीचा माइक एक फुटावर असेल तर तबल्याचा माइक त्याच्यापासून तीन फूट तरी लांब.

अजूनही शंका असेल तर फक्त आवाजाचा ट्रॅक, ३० सेकंद, वेव्ह (.wav) फाईल, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ऑडिओ म्हणून नको, तो दाबून लहान केला जातो. ऐकून सांगायचे पैसे नाहीत. बंद पाठीचे हेडफोन डिपॉझिटवर आठवड्यासाठी मिळतील, दोनच जोड आहेत, आधी फोन करा.