पुणे मेट्रोचं कार्ड : सातारा-सांगलीची मुलं नेमकी कुठं अडतात

२९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला आणि आपल्याकडच्या लोकांचा मेट्रोशी रोजचा संबंध आला. गाडी साताऱ्याची असो, कराडची असो नाहीतर सांगली-तासगावची, उतरायचं बहुतेक स्वारगेटलाच. तिथून पिंपरी-चिंचवडपर्यंत सरळ मेट्रो आहे. वनाझ किंवा रामवाडीकडे जायचं असेल तर जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची.

दवाखान्यासाठी किंवा परीक्षेसाठी कधीतरी जाणाऱ्याने कार्डाच्या भानगडीत पडूच नये. खिडकीवरचं किंवा मोबाईलवरचं क्यूआर तिकीट काढावं आणि जावं. शनिवार-रविवारी तर सगळ्यांनाच ३० टक्के सवलत असते. कार्ड खरं उपयोगाचं आहे ते पुण्यात राहून रोज ये-जा करणाऱ्यांना, आणि त्यातही विद्यार्थ्यांना, कारण विद्यार्थी पासावर (हेही एक कार्डच) ३० टक्के सवलत आहे. अर्ज अडतात तेही याच पासाचे.

आधी एक गैरसमज दूर करू. एसटीचं जुनं सवलतीचं स्मार्ट कार्ड मेट्रोच्या गेटवर चालत नाही. ज्येष्ठांचंही नाही, विद्यार्थ्यांचंही नाही. गेट उघडतं ते एनसीएमसी कार्डाने, म्हणजे मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने आणलेलं, देशभर चालणारं प्रवासाचं कार्ड. ते रुपे या भारतीय कार्डव्यवस्थेवर चालतं, म्हणून लोक रुपेचं कुठलंही एटीएम कार्ड काढून गेटवर घासतात. जिल्हा बँकेचं, पतसंस्थेच्या ओळखीतून मिळालेलं, जुनं झिजलेलं, काहीही. नुसतं रुपे लिहिलेलं पुरत नाही, कार्डावर एनसीएमसीचं चिन्ह लागतं. ते असलं तरी बँकेच्या एटीएम कार्डावर स्पर्शाविना पैसे देण्याची सोय मुळात बंद असते. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेचाच तसा नियम आहे. बँकेच्या अॅपमधून किंवा शाखेत जाऊन ती चालू करून घ्यावी लागते, हे खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही.

आता कागद. कार्डं दोन तऱ्हेची असतात. केवायसीशिवाय, म्हणजे ओळखीची कागदपत्रं तपासल्याशिवाय, मिळणाऱ्या प्रवासी कार्डात जास्तीत जास्त ३,००० रुपये ठेवता येतात आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत, ना रोख, ना खात्यावर. विद्यार्थी पासाला मात्र केवायसी लागतंच. त्यासाठी आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी एक चालतं. नुसतं पॅनकार्ड घेऊन रांगेत उभं राहू नका. त्यावर पत्ताच नसतो. आधारवर गावाचा पत्ता आहे म्हणून घाबरायचंही कारण नाही. पुण्याचा पत्ता दाखवण्यासाठी रूममालकाकडे भाडेकरार मागत फिरणारी मुलं दिसतात, आणि मालक तो कधीच देत नाही. त्याच्या नादी लागू नका.

खरी गाठ नावात बसते. कॉलेजच्या कागदावर आडनाव पहिलं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव पहिलं. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं अक्षर. माणूस तोच आहे हे समोर दिसत असूनही अर्ज परत येतो. अर्जात नाव आधारवर आहे अगदी तसंच, त्याच क्रमाने लिहा आणि बोनाफाईडवरही, म्हणजे तुम्ही तिथे शिकता या कॉलेजच्या दाखल्यावरही, ते तसंच घालून मागा. कॉलेजचा क्लार्क कुरकुर करेल, करू द्या.

दुसरी गाठ ओटीपीची. बारावीच्या पोराचं आधार जोडलेलं असतं वडिलांच्या मोबाईलला. पोरगा स्वारगेटला खिडकीवर, वडील तासगावात द्राक्षबागेत औषध मारताहेत आणि फोन घरात चार्जिंगला. आई फोन उचलते, आकडे वाचून दाखवते, तोवर मुदत संपलेली. पुन्हा ओटीपी, पुन्हा तेच. पुण्याला जाण्याआधी इथल्याच आधार केंद्रावर मुलाने स्वतः जाऊन, ठसा देऊन आपला नंबर जोडून घ्यावा. निकाल लागला की तिथेही गर्दी होते, म्हणून त्याआधी, दाखल्यांच्या धावपळीतच हे उरकावं.

आणि बोनाफाईड. पासासाठी चालू वर्षाचं बोनाफाईड किंवा कॉलेजचं ओळखपत्र हवं, आणि नव्या मुलाकडे नेमकं हेच दोन्ही नसतं. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, ओळखपत्रं छापून यायला दिवाळी उजाडते. शिष्यवृत्तीवर असलेल्याला तर फी जमा झाल्याशिवाय बोनाफाईड देत नाहीत अशी उत्तरं मिळतात. सवलतीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच असते, पण ते कोणाला सांगायचं? प्रवेश पक्का झाल्या दिवशीच लेखी अर्ज देऊन बोनाफाईड मागा, आणि दोन प्रती घ्या, कारण एक एसटीच्या पासालाही लागेल. शिक्का आणि शैक्षणिक वर्ष आहे ना, हे कॉलेजच्या खिडकीवरच बघून घ्या. गेल्या वर्षीचं, साताऱ्याच्या ज्युनिअर कॉलेजचं बोनाफाईड पुण्यात कोणी घेणार नाही.

कार्ड हातात आलं की बाकी सोपं, एक सोडून. घरून वडिलांनी मोबाईलवरून ५०० रुपये भरले, मेसेज आला, तरी गेट लाल. पैसे बुडालेले नसतात. ते कार्डाच्या खात्यावर आलेले असतात, कार्डाच्या चिपमध्ये उतरलेले नसतात. बँकेत पैसे आहेत पण खिशात दमडी नाही, तसं हे. गेट फक्त चिप वाचतं. ऑनलाइन भरणा केल्यावर स्टेशनवरच्या यंत्रावर किंवा खिडकीवर कार्ड लावून शिल्लक चिपवर उतरवून घ्यायची, मग गेटकडे जायचं. चिपमध्ये २,००० रुपयांपेक्षा जास्त मावत नाहीत.

आत जाताना लावलेलंच कार्ड बाहेर पडताना लावायचं. पुढच्याच्या पाठोपाठ घुसून बाहेर पडलात तर कार्डाच्या लेखी तुम्ही अजून आतच, आणि पुढच्या वेळी गेट अडवणार. तेव्हा ग्राहक खिडकीवरून दुरुस्त करून घ्यावं लागतं. एका कार्डावर दोघं जाता येत नाही, आणि विद्यार्थी पास तर रूममेटलाही देऊ नये.

कार्ड हरवलं तर चिपमधले पैसे गेले असं समजा, म्हणून लागेल तेवढंच भरा. खात्यावरची शिल्लक मात्र कार्ड बंद करून वाचवता येते. त्यासाठीचा ग्राहक सेवेचा नंबर छापलेला असतो कार्डाच्याच मागे, तेव्हा तो आधीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवा.